वीत, पाऊल, हात

आमच्या तळेगावच्या घरामागे एक उतार आहे. घर बांधताना पायाची निघालेली माती कंत्राटदारानं मागच्या कुंपणाच्या भिंतीला लावून ठेवली. "नंतर उचलतो" म्हणाला आणि ती तिथंच राहिली. वर भिंत, खाली धुण्याचा दगड, मधे मुरूम, विटांचे तुकडे आणि भरावाची माती. पंधरा वर्षं तिच्यावर जे उगवायचं ते उगवलं, आणि होळीपर्यंत वाळून गेलं. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात मात्र चार दिवस सलग पाऊस लागला, आणि पाचव्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर गाळ थेट उंबऱ्याशी. सासूबाईंची एक चप्पल त्यात अशी रुतली होती, की नुसता अंगठा वर दिसत होता.

"त्या मातीला काहीतरी पांघरूण घाला गं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग दोन दिवस चप्पल धुऊन वाळवत बसल्या.

मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या व्याजाचे हिशेब केलेल्या बाईला एकदम रिकामा वेळ मिळाला, की ती जे करते तेच मी केलं. वही घेतली, पट्टी घेतली, समास आखला आणि वर लिहिलं, 'मागचा उतार'.

नर्सरीवाले अशा झाडांना सरळ 'ग्राउंडकव्हर' म्हणतात. जमिनीलगत पसरणारी, पेरापेराला मुळं फुटणारी, माती धरून ठेवणारी झाडं. पहिल्या नर्सरीत मला वेडेलिया दाखवला. चकचकीत पान, पिवळं फूल, पिशवीला 6 रुपये. "मॅडम, हे दोन-दोन फुटांवर लावा, बघता बघता भरतं." ते खरंच होतं. पण हे झाड जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे, आणि त्याच यादीत आपली घाणेरीही आहे, हे मला माहीत होतं. घाणेरीनं आपल्या डोंगरांचं काय केलंय ते पावसाळ्यात कुठल्याही किल्ल्यावर चढताना पोटऱ्यांना कळतं. जे झाड इतक्या कमी रोपांत जागा भरतं, ते जागा भरल्यावर थांबेल कशावरून? वेडेलियाला मी नको म्हटलं.

दुसरीकडे मिळाला पीनट ग्रास. नावात गवत आहे, पण गवताशी त्याचा काही संबंध नाही. तो भुईमुगाचा सख्खा चुलतभाऊ. तसंच चार पानांचं पान, तसंच पिवळं फूल, फक्त झाड उभं न राहता जमिनीवर रांगतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. दोघांचंही माहेर दक्षिण अमेरिका. याचं शास्त्रीय नाव आराकिस पिंटोई. 1954 साली ब्राझीलच्या बाहिया राज्यात जेराल्डो पिंटो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते गोळा केलं, म्हणून त्याचं नाव त्याला चिकटलं. भुईमुगासारख्याच मुळांवर गाठी असतात, म्हणजे नत्राची सोय झाड स्वतःच करतं. आमच्या विटा-मुरमाच्या मातीला असाच पाहुणा हवा होता, जेवण बरोबर घेऊन येणारा.

पिशवी 14 रुपयांना होती. किती घेऊ, एवढाच प्रश्न उरला.

आता हे गणित म्हणजे सातवीच्या मुलाचं. जागेचं क्षेत्रफळ काढा, एका झाडाला लागणाऱ्या जागेनं भागा. घराचा नकाशा माझ्याकडे होताच. त्यावर मागची पट्टी 20 फूट बाय 12 फूट, म्हणजे 240 चौरस फूट. रोपांत अंतर 8 ते 12 इंच ठेवा असं वाचलं होतं. मी 9 धरलं. का, तर मुलगी नोव्हेंबरात दोन आठवड्यांसाठी येणार होती आणि तिला मला हिरवागार उतार दाखवायचा होता. 9 इंच म्हणजे पाऊण फूट. 240 भागिले 0.75, उत्तर 320. खाली दोन रेघा मारल्या. 320 गुणिले 14, 4,480 रुपये. त्याखालीही दोन रेघा.

माळीमामा आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी उतार पाहिला, वरून खाली एकदा चालत आले, बाजूनं एकदा चालले, आणि म्हणाले, "फुटावर एक लावू ताई, एकाआड एक. तीनशे आणा."

"नऊ इंचांवर लावायची आहेत मामा. आणि तीनशेवीस लागतात."

"नऊवर कशाला? त्याला पसरायला जागा नको?"

मी वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

रोपामागे 4 रुपये लावणी ठरली होती. म्हणजे रोपं जितकी जास्त तितका त्यांचा फायदा, आणि तरी हा माणूस कमी आकडा सांगत होता. हे माझ्यासारख्या बँकेतल्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं. कर्जदार स्वतःहून कमी रक्कम मागतो तेव्हा एकदा चष्मा पुसून अर्ज परत वाचायचा असतो.

मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर छोट्या हत्तीतून रोपं आली. 320 काळ्या पिशव्या अंगणात मांडल्या तेव्हा वाटलं, जरा जास्तच झाली. सासूबाईंनी खुर्ची मागच्या दारात लावून घेतली. त्या मूळच्या संगमेश्वरकडच्या. चिखलात पाय न घालता लावणी बघायची त्यांच्यावर बहुधा पहिलीच वेळ होती, आणि ते त्यांना फारसं मानवत नव्हतं.

मी भिंतीपासून सुरुवात केली. वरून खाली. हातात शाळेतली लाकडी पट्टी. तिची लांबी 12 इंच, आणि 9 च्या खुणेवर मी तांबडा दोरा बांधला होता. तासाभरात पट्टीच्या फटीत माती जाऊन आकडे दिसेनासे झाले. मामा शेजारच्या ओळीत वीत टाकत पुढे जात होते. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, करंगळीच्या टोकाला खुरप्याचा एक ठोका. अंगठा पुढे. त्यांची वीत आणि माझा तांबडा दोरा, ओळ संपेपर्यंत दोन बोटांचाही फरक नव्हता. खड्डा झाला, की पिशवी उलटी करून बुडावर एक चापट, प्लास्टिक एका हातात, मुळांचा गोळा दुसऱ्या हातात. रिकाम्या पिशव्या ते कमरेच्या पंचात खोचत होते. दुपारपर्यंत त्यांच्या कमरेला काळी झालर आली होती.

बाराव्या ओळीत रोपं संपली.

उतार संपला नव्हता. खालची अख्खी पट्टी, नेमकी धुण्याच्या दगडावरची, जिथं वरचं सगळं पाणी येऊन जोर धरतं तीच, उघडीबोडकी. मामांनी हात झटकले. काही बोलले नाहीत. पावसाकडे बघत उभे राहिले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री वही परत उघडली, आणि चूक दुसऱ्याच मिनिटाला दिसली. अंतर पाऊण फूट असलं तरी झाडाला लागणारी जागा पाऊण फूट नसते. जागेला दोन बाजू असतात. पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे 0.5625 चौरस फूट. मी क्षेत्रफळाला लांबीनं भागलं होतं! 240 भागिले 0.5625, उत्तर 427 यायला हवं. जवळजवळ सव्वाशे... नाही, 107 रोपं कमी. चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक मी किती नवीन कारकुनांना शिकवला असेल, आणि इथं वर्ग करायचा विसरले. नवरा शेजारी झोपला होता, त्याला उठवून सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

मग वाटलं, चला, कारण सापडलं. 320 रोपांनी 180 चौरस फूट झाकले, 240 मधून 180 गेले, 60 उरले. उजाडल्यावर टेप घेऊन बोडकी पट्टी मोजली. 20 फूट बाय 4 फूट. 80.

हे जास्तीचे 20 चौरस फूट कुठून आले? जमा-खर्च जुळत नसला, की मला आजही जेवण जात नाही. टेप परत लावला. लावलेला भाग वरून खाली 9 फूट, बोडका 4 फूट, बेरीज 13. नकाशा म्हणत होता 12. चहा घेता घेता भिंतीच्या पायथ्याशी बघत बसले होते, आणि तेव्हा उलगडलं. नकाशा वरून पाहतो. त्याला उतार दिसत नाही, उताराची सावली दिसते. भिंतीपाशी मातीची उंची मोजली तर जवळपास 5 फूट निघाली. 5, 12, 13. पायथागोरसचं त्रिकूट! नववीच्या पुस्तकातून उठून माझ्या धुण्याच्या दगडापाशी येऊन बसलेलं. आमचा उतार 240 चौरस फूट नव्हताच, 260 होता. त्याला वितीवर लावायला 462 रोपं लागली असती.

खरं सांगायचं तर चूक सापडल्याचा आनंद चूक झाल्याच्या दुःखापेक्षा मोठा होता. मी ते सासूबाईंना आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाव गुंठाही नाही ना?"

पाव गुंठा म्हणजे 272 चौरस फूट. नाही, पाव गुंठाही नाही.

"आणि त्याला साडेचारशे रोपं?"

त्यावर मी त्यांना त्यांच्या माहेरच्या भाताची आठवण करून दिली, आणि विषय कुठल्या कुठे गेला. त्यांच्या भावाच्या शेतात पूर्वी लावणी नजरेनं व्हायची. बायका ओळीत वाकायच्या, हात जाईल तिथं चूड, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या, टोचायच्या, गाणं चालू. पुढे कधीतरी कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांची 'चारसूत्री' पद्धत आली आणि तिच्याबरोबर दोरी आली. दोरीवर खुणा, एक 15 सेंटिमीटरवर, पुढची 25 वर, परत 15, परत 25. दोन्ही बाजूंनी तसंच. 15 बाय 15 च्या चौकोनाला चार कोपऱ्यांत चार चूड, आणि चौघांच्या मधोमध मातीत खताची एक गोळी. चौघं एका ताटात जेवल्यासारखी. "पहिल्या वर्षी आम्ही बायांनी त्या दोरीला इतक्या शिव्या घातल्या!" सासूबाई म्हणाल्या. "कंबर मोडायची. आणि शेत बघावं तर टक्कल पडल्यासारखं, एवढं विरळ. दादाला म्हटलं, तरव्याची रोपं वाचवायला निघालास, भात कुठून येणार? आणि मग फुटवे आले."

40 सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड म्हणजे चौरस मीटरला 25, हेक्टरला अडीच लाख. आमच्या उतारावर भात लावला असता तर सहाशे चूड बसले असते. पण भाताला चार महिन्यांत घरी जायचं असतं. आमच्या पाहुण्याला राहायचं होतं. हा मुद्दा तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. सासूबाईंच्या आला असावा, कारण त्या एकदम म्हणाल्या, "ती खालची पट्टी मी बघते. आणखी विकत आणू नकोस."

श्रावणापर्यंत वरच्या रोपांनी हात-पाय पसरले होते. सासूबाईंनी मामांकडून वितीएवढ्या काड्या कापून घेतल्या, खालची पानं काढली, आणि एके दिवशी पाऊस उघडल्यावर खुर्चीवरून उतरून स्वतः उतारापाशी बसल्या. मला पट्टी आणू दिली नाही. कोपर टेकवायचं, मधल्या बोटाच्या टोकाशी भोक पाडायचं, काडी खोचायची. एक हात. जुन्या मापात 12 अंगुळांची वीत आणि 24 अंगुळांचा हात, म्हणजे इंचांत 9 आणि 18. 80 चौरस फुटांत त्यांच्या 36 काड्या बसल्या. मी वितीनं लावलं असतं तर 142 लागल्या असत्या.

हा चौपटीचा हिशेब कागदावर सगळ्यांना कळतो, पण पोटात उतरायला वेळ लागतो. अंतर निम्मं केलं, की रोपं दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. आमच्या 260 फुटांचंच बघा. हाताच्या अंतरावर 116 रोपं, म्हणजे 1,624 रुपये. वितीच्या अंतरावर 462, म्हणजे 6,468. आणि सहा इंचांवर कोणी हौशीनं लावायचं म्हटलं तर 1,040 रोपं, साडेचौदा हजार. नर्सरीच्या कागदावर मात्र '8 ते 12 इंच' असं सहज छापलेलं असतं. 8 आणि 12 शेजारी शेजारी बसलेले, जणू दोघांत चार बोटांचाच फरक आहे. खिशाला तो सव्वादोन पटींचा पडतो.

आता निकाल. वरचा भाग दसऱ्याच्या आधी मिटला. मिटला म्हणजे माती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात मुलगी आली, तिनं मागच्या दारातून पाहिलं, "छान दिसतंय" म्हणाली आणि फोन वाजला म्हणून आत गेली. त्या दोन शब्दांसाठी मी वितीवर लावलं होतं. असो. गोगलगाईंनी त्या पावसाळ्यात अकरा रोपं फस्त केली, तीही बरोबर मधली, पण इतक्या दाटीत त्यांचे खड्डे दिसलेसुद्धा नाहीत. नांग्या भरायची, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची, वेळच आली नाही.

खालच्या पट्टीनं मात्र दोन पावसाळे घेतले. काडी आणि काडीच्या मधली ती हातभर जागा रिकामी राहील असं मला वाटलं होतं. जमीन रिकामी राहत नाही. लव्हाळा आला, गाजरगवत आलं, आघाडा आला. भाद्रपदात एक ओघळ पडली आणि चार काड्या दगडावर येऊन पडल्या, त्या परत खोचाव्या लागल्या. लव्हाळ्याच्या गाठी खुरप्यानं काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच सांगायला नको. वरून ओढलं तर पातं हातात येतं आणि गाठ खाली हसत बसते. मामांची त्या पट्टीतली खुरपणी पहिल्या वर्षी चारदा झाली. रोपांत वाचलेले पैसे मजुरीत गेले, सगळे नाहीत, पण बरेचसे. हा आकडा कुठल्याही रोपांच्या हिशेबात धरलेला नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच धरायला हवा. मधली जागा कोण सांभाळणार, आणि किती दिवस? बाकी सगळं भागाकार आहे.

तरी त्या पट्टीची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या वर्षी जूनअखेर काड्यांच्या मधे टाकळा उगवला. कोवळा, पैशाएवढ्या पानांचा. मी उपटायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. त्यांनी तो ताटभर खुडला आणि भरपूर लसूण, कांदा घालून, वर ओलं खोबरं पेरून भाजी केली. नंतर कुरडूही निघाला, त्याचीही झाली. वरच्या भागानं आम्हाला एक घास दिला नाही.

त्याच पावसाळ्यात त्यांचं दुसरं एक प्रकरण चालू होतं. पहिल्या दिवशी रोप बघताच त्या म्हणाल्या होत्या, "हा तर भुईमूग. शेंगा कधी लागतील?" मी म्हटलं होतं, शोभेचा आहे तो. त्यांना ते पटलं नव्हतं. फूल आहे, तर आऱ्या सुटणार, आऱ्या मातीत जाणार, शेंग धरणार. एक दिवस बघते तर खुरपं घेऊन कडेचं एक झाड उकरताहेत. आणि शेंग निघाली. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी, एकाच दाण्याची, पांढरट. त्यांनी ती धुतली, फोडली, दाणा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. "भाजायला एवढे कधी जमायचे?" असं म्हणून परत मातीत दाबून टाकला. पण चेहरा जिंकल्याचा होता. शोभेचा आहे, हे मी परत कधी म्हटलं नाही.

यंदा मेमध्ये शेजारच्या काकूंनी मला बोलावलं. त्यांच्या घराच्या बाजूला 15 फूट बाय 8 फुटांचा सपाट तुकडा आहे, शेवग्याच्या सावलीतला. आमचा उतार त्या रोज गच्चीवरून बघतात. "तुझ्यासारखंच करायचंय. किती रोपं लागतील?"

मी म्हटलं, "कधीपर्यंत भरायला हवंय?"

"घाई नाही गं. पण तण काढायला माझे गुडघे नाहीत."

म्हणजे हात नको आणि वीतही नको. फुटावर लावायचं. आणि फुटाची गंमत अशी, की त्याला गणितच लागत नाही. एक गुणिले एक, एकच. जितके चौरस फूट तितकी रोपं. 120 फूट, 120 रोपं. मी घरी येऊन वहीत लिहिलं आणि मग मामांचे शब्द आठवले. "फुटावर एक, एकाआड एक."

हे 'एकाआड एक' मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. चौकोनी ओळींत झाडाला चार शेजारी एका अंतरावर आणि चार तिरपे, जरा लांब. त्या तिरप्या कोपऱ्यांत माती शेवटपर्यंत उघडी राहते. पुढची ओळ अर्ध्या अंतरानं सरकवली, की वरच्या ओळीतल्या दोघांच्या मधे खालचा एक येतो. कॅरमच्या पटावर सुरुवातीला सोंगट्या मांडतो तसं. मधे राणी, तिला चिकटून सहा, त्यांच्याभोवती बारा, मधे कुठेही मोठी फट नाही. अंतर फुटाचं ठेवलं, तर ओळी मात्र एकमेकींपासून साडेदहा इंचांच्या आत येतात, म्हणून रोपं साधारण 15 टक्के जास्त लागतात. क्षेत्रफळाला 0.866 नं भागायचं. उतारावर तर हेच हवं, कारण सरळ ओळींमधून पाणी गल्लीतून पळावं तसं थेट खाली पळतं, आणि एकाआड एकमधे त्याला दर पावलावर झाड आडवं येतं.

काकूंचे 120 भागिले 0.866. 139 आले.

आणि मग उगीचच, सवयीनं, खाली आमच्या उताराचं गणित मांडलं. 260 भागिले 0.866.

300.

मी कॅल्क्युलेटर पुसून परत केलं. 300.2. मामांनी वरून खाली एकदा, बाजूनं एकदा चालून जो आकडा सांगितला होता, तोच. नकाशा नाही, वही नाही. पावलं टाकत उतारावरून चालले होते, म्हणून उतार आपोआप हिशेबात आला होता. म्हणजे माझी चुकीची 320 रोपं त्या दिवशी पुरेशी होती. अख्खा उतार झाकून वीस उरली असती, गोगलगाईंनी खाल्लेल्या अकरांच्या नांग्या भरायला. मला 142 रोपं कमी पडली नव्हतीच. मी ती दाटीत कोंबली होती.

मामा पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांना आकडा आठवतही नव्हता. "तीनशे म्हटलो असेन," ते म्हणाले. "गाडीत तेवढ्याच बसतात."

अजून मला कळलेलं नाही, की तो माणूस चेष्टा करत होता की नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. रबरी चपलेसकट बरोबर एक फूट. मग घरात जाऊन माझं पाऊल पट्टीवर ठेवलं. सव्वानऊ इंच. म्हणजे मी त्यांची नक्कल करत पावलानं मोजत गेले असते, तर पुन्हा वितीच्याच दाटीत पोचले असते.

काकूंना रोपं विकत घ्यावी लागली नाहीत. आमचा वरचा भाग आता इतका दाटलाय, की खालच्या वेलींना उजेड मिळत नाही, मधूनमधून पिवळा पडतो. मृगाचा पाऊस झाल्यावर मामांनी तिथं विळा चालवला. खालची पट्टी आणि वरचा भाग यांच्या मधली रेघ कुठं होती, ते मला शोधावं लागलं. सापडली, कारण खालची पानं जास्त रुंद आणि काळपट हिरवी आहेत.

काड्या सासूबाईंच्या पुढ्यात आणून टाकल्या. त्या मागच्या दारात खुर्चीवर बसून मोजत होत्या. पाच काड्या, केळीच्या सोपटाची गाठ, जुडी बाजूला. पाच काड्या, गाठ. मी म्हटलं, आई, 139. त्या म्हणाल्या, असला कसला आकडा, एकशेचाळीस. अठ्ठावीस जुड्या झाल्यावर त्यांनी आणखी एक बांधली आणि वेगळी ठेवली.

"ही कुणाची?"

"गोगलगाईंची," त्या म्हणाल्या.